आधी प्रश्न, मग कात्री

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

फोंड्याहून टोकियोला लेकीकडे गेलेली मी नव्वद दिवसांनी नुकतीच परतले आहे. तेथील देवळे, बागा आणि वेळेवर धावणाऱ्या आगगाड्या यांविषयी जाऊन आलेली माणसे भरपूर लिहितात, म्हणून त्यासाठी मी आपली जागा अडवणार नाही. मला लिहायचे आहे ते तेथील एका केशकर्तनालयाविषयी, म्हणजे आता आपण सगळेच म्हणतो तसे, सलूनविषयी. त्या सलूनच्या खुर्चीत मी तीन वेळा बसले, आणि आपल्या गोव्यातील पार्लरमध्ये गिऱ्हाईक म्हणून आपण काय मागायला हवे होते व ते आजवर का मागितले नाही, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी तेथे कळले.

आधी घरातली गोष्ट सांगते. तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर माझ्या पुतणीचे लग्न ठरले होते. तिचे केस जाड, कुरळ्याकडे झुकणारे आणि आमच्या अंत्रुजच्या, म्हणजे फोंडा परिसराच्या, दमट हवेत दुपारपर्यंत फुगून दुप्पट होणारे. लग्नाच्या दहा दिवस आधी तिने गोव्यातल्याच एका शहरातील पार्लरमध्ये रिबॉण्डिंग, म्हणजे रसायनाने केस सरळ करण्याचे काम, करून घेतले. भिंतीवरच्या दरपत्रकात 'तीन हजारांपासून पुढे' असे लिहिलेले होते; बिल झाले साडेआठ हजार, कारण म्हणे केस लांब आणि दाट. ती दोन वर्षे दरमहा मेहंदी लावत होती, हे तिला कोणी विचारले नाही आणि ते सांगायला हवे हे तिला ठाऊक नव्हते. तिसऱ्यांदा न्हाली तेव्हा केस कंगव्यात येऊ लागले, तेही मुळापासून सुटून नव्हे, मधूनच तुटून. लग्नाच्या दिवशी अबोलीचा वळेसर माळायला आधार उरला नाही म्हणून गंगावन आणावे लागले. त्या वळेसराखाली काय बांधले आहे हे मांडवात कोणाला कळले नाही, पण वधूला ते क्षणोक्षणी कळत होते आणि ती दिवसभर मान ताठ धरून बसली होती.

पार्लरच्या मालकिणीने शांतपणे सांगितले की प्रॉडक्ट उत्तम होते, तुमच्या मुलीचे केसच मुळात नाजूक. आमच्या नात्यातील एका वकिलांकडे गेलो, तर त्यांनी चारच गोष्टी विचारल्या: कोणते रसायन लावले, किती वेळ ठेवले, कोणी लावले आणि बिल कुठे आहे. आमच्याकडे होती ती वहीच्या कागदाची एक चिठ्ठी, तिच्यावर साडेआठ हजारांचा आकडा आणि खाली मारलेली आडवी रेघ. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिलेल्या सेवेचे रीतसर बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते, तक्रार आपण राहतो तेथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे सर्व त्यांनी समजावून सांगितले. मात्र केसांवर काय झाले याची कुठेच नोंद नसेल तर आयोगापुढे मांडायचे काय, हेही त्यांनीच विचारले. दिल्लीतील एका बड्या हॉटेलच्या सलूनमध्ये केस नको तितके आखूड कापले गेले म्हणून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये एका मॉडेलला दोन कोटी रुपयांची भरपाई देववली होती, ती बातमी अनेकांनी वाचली असेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतील त्रुटीचा निष्कर्ष कायम ठेवला, पण भरपाईचा आकडा पुराव्यावर उभा नाही म्हणून तो रद्द करून प्रकरण परत पाठवले, ही बातमी मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. एवढे प्रकरण कागदावर अडते, तर आमच्या चिठ्ठीची काय कथा? आम्ही गप्प बसलो.

हे मनात घेऊनच मी टोकियोला गेले होते. शहराच्या पूर्वेकडील एदोगावा विभागात तोझाई मार्गावर निशी-कासाई नावाचे स्थानक आहे आणि त्याच्या आसपास भारतीय कुटुंबे, विशेषतः संगणक क्षेत्रात काम करणारी, इतकी वसली आहेत की दुकानात कोथिंबीर निवडताना कधीमधी मराठी कानावर पडते. माझी लेक तेथेच राहते. जूनमध्ये तेथेही पाऊस लागतो. त्या दिवसांना ते 'त्सुयु' म्हणतात. मृग लागल्यावर फोंड्यात माझ्या केसांची जी अवस्था होते तीच निशी-कासाईत झाली. तेव्हा लेकीने, आईला एकदा जपानी पद्धतीने केस सरळ करून द्यावेत आणि पांढरे झाकून घ्यावेत अशा हौसेने, स्थानकाजवळच्या एका सलूनमध्ये वेळ ठरवली. 'हॉट पेपर ब्युटी' नावाच्या संकेतस्थळावर हे काम होते. कोणत्या कामाला किती वेळ आणि किती येन, हे तेथे आधीच दिसते. आम्हाला मंगळवार सोयीचा होता, पण टोकियोतील बहुतेक सलून मंगळवारी बंद असतात. मंगळवारी केसांना कात्री लावू नये असे माझ्या सासूबाई सांगत. त्यांचे म्हणणे इतक्या दूरवर पाळले जाते हे पाहून त्यांना समाधान वाटले असते. वास्तविक त्यामागे शास्त्र वगैरे काही नाही, एकेकाळी वीजटंचाईमुळे ठरवलेल्या सुटीचा तो वारसा असल्याचे सांगतात.

सलूनमध्ये गेल्यावर खुर्चीत बसवले, पण गळ्याभोवती कापड बांधले नाही. तिशीतली एक बाई आली, खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसली, म्हणजे माझ्याशी बोलताना तिची नजर माझ्या नजरेच्या किंचित खाली राहील अशी, आणि मांडीवरच्या फळीला लावलेल्या कागदावर लिहीत प्रश्न विचारू लागली. लेक दुभाष्याचे काम करत होती. केस शेवटचे कधी कापले, गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांना काय काय लावले, रंगाने किंवा कशानेही कधी खाज, पुरळ, सूज आली होती का, कोणती औषधे चालू आहेत, सकाळी केस आवरायला किती मिनिटे मिळतात, भांग कोणत्या बाजूला पाडता, घरी कोण विंचरून देते. शेवटच्या प्रश्नाला मी हसले. ती हसली नाही. खांदा दुखत असेल तर हात मागे पोचत नाही आणि मग मागचे केस लांब ठेवून उपयोग नाही, असे तिने सांगितले. माझा उजवा खांदा खरोखरच तीन वर्षांपासून आखडलेला आहे, पण हे फोंड्यातील ज्या पार्लरमध्ये मी पंधरा वर्षे जाते आहे तेथेही कोणाला माहीत नाही.

दोन-तीन वर्षांचा हिशेब कशाला, असे मी विचारले. तिने माझी वेणी पुढे घेतली आणि टोकापासून वर बोट फिरवत दाखवले. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या वर थोडासा वाढतो. तेव्हा तीस-पस्तीस सेंटिमीटर लांब केसाच्या टोकाशी अडीच वर्षांपूर्वीची मेहंदी, ऊन, समुद्राचे पाणी असे सगळे साठलेले असते आणि मुळाशी असतो तो गेल्या महिन्यातला कोवळा केस. एकच रसायन दोन्हीकडे सारखेच लावले तर एकीकडे कमी पडते आणि दुसरीकडे जाळून टाकते. इतकी वर्षे मी मुलांना शिकवले, पण स्वतःच्या वेणीकडे कालानुक्रमे कधी पाहिले नव्हते.

मेहंदीचे नाव निघताच तिचे लिहिणे थांबले. पाकीट आहे का, असे तिने विचारले. मी गोव्याहून नेलेले पाकीट लेकीच्या घरी होते, त्याचे छायाचित्र जावयांनी फोनवर पाठवले. पुढच्या बाजूला हिरव्या अक्षरांत 'हर्बल' असे मिरवणाऱ्या त्या पाकिटाच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत, मेहंदीखेरीज आणखी काय काय आहे हे छापलेले होते. ते मी पंधरा वर्षांत वाचले नव्हते. तिने भाषांतराच्या अॅपवरून पाच मिनिटांत वाचले. मग ती उठली, कमरेत वाकली आणि म्हणाली की तुमच्या केसांवर सरळ करण्याचे काम मी करणार नाही, आणि रंगही आज लावणार नाही.

खरे सांगायचे तर मला राग आला. परक्या मुलखात पैसे मोजून बसलेल्या वयस्कर बाईला नाही म्हणते म्हणजे काय! पण तिने दिलेले कारण घरी येऊन लेकीकडून नीट समजून घेतले, तेव्हा माझ्या पुतणीच्या बाबतीत काय घडले असावे याचा उलगडा झाला, म्हणून ते येथे थोडक्यात देते. केसातील प्रथिनांचे धागे ढोबळमानाने दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकांना धरून असतात. एक कच्चा बंध पाण्याने सुटतो आणि वाळल्यावर पुन्हा जुळतो. इस्त्रीने सरळ केलेले केस पावसाळी हवेत तासाभरात वळतात ते यामुळे. दुसरा गंधकाचा पक्का बंध पाण्याला दाद देत नाही. जपानमध्ये १९९० च्या दशकात लोकप्रिय झालेल्या आणि तेथून जगभर पसरलेल्या केस सरळ करण्याच्या पद्धतीत थायोग्लायकोलिक आम्लासारख्या रसायनाने हा पक्का बंध सोडवतात, सुमारे १८० अंश तापलेल्या पट्ट्यांनी केस सरळ दाबतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे दुसरे रसायन लावून बंध नव्या जागी पुन्हा जुळवतात. रिबॉण्डिंग हे नाव त्यावरूनच पडले. मेहंदीचा थर बसलेल्या केसात पहिले रसायन सर्वत्र सारखे शिरत नाही, म्हणून ते जास्त वेळ ठेवण्याचा मोह होतो. आणि मेहंदीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या भुकटीत धातूंचे क्षार मिसळलेले असतील तर पेरॉक्साइडशी गाठ पडून केस तापतो आणि तुटतो. पुतणीचे केस मधूनच तुटले होते.

त्या दिवशी केवळ केस कापले गेले, आणि कानामागे रंगाचा एक बारीक ठिपका लावून, ४८ तास तो धुवू नका, खाज आली तर लगेच धुवा आणि कळवा, असे सांगून मला घरी पाठवले. इतकी वर्षे रंग लावते आहे, कधी काही झाले नाही, असे मी म्हटले. हे वाक्य तिने पुष्कळदा ऐकले असावे. जपानच्या ग्राहक सुरक्षा अन्वेषण आयोगाने २०१५ मध्ये केसांच्या रंगामुळे होणाऱ्या त्वचारोगांवर अहवाल दिला. वर्षानुवर्षे निर्धास्तपणे रंग लावणाऱ्यालाही एखाद्या दिवशी अचानक ॲलर्जी होऊ शकते, म्हणून चाचणी दर वेळी करावी, हे त्यात ठासून सांगितले आहे. काळ्या रंगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॅराफेनिलिनडायमिन या द्रव्याचा हा स्वभाव आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनाही चांगला माहीत आहे. आपल्याकडेही पाकिटावर चाचणीची सूचना छापलेली असतेच. ती वाचून तसे करणारे पार्लर निदान माझ्या पाहण्यात आलेले नाही.

केस धुण्याचा प्रसंग तर सांगायलाच हवा. खुर्ची आडवी झाली, डोळ्यांवर पाणी उडू नये म्हणून चेहऱ्यावर विरळ कापडाचा एक चौकोन ठेवला गेला आणि कोवळ्या वयाची एक मुलगी डोके चोळू लागली. मध्येच तिने काहीतरी विचारले. लेक पलीकडून म्हणाली, "आई, कुठे खाज येते आहे का, असं विचारते आहे." मी म्हटले, तिला सांग, डाव्या कानाच्या वर. हा प्रश्न तेथे सर्वत्र ठरलेला असतो आणि सगळे गिऱ्हाईक 'नाही' असेच उत्तर देतात, हे मला नंतर समजले. त्या मुलीला बहुधा प्रथमच खरे उत्तर मिळाले होते, कारण तिने कानावरची ती जागा पुढची दोन मिनिटे सोडली नाही. नंतर ती टॉवेल बांधायला वाकली तेव्हा तिची बोटे दिसली. सांध्यांवर कातडी फाटून लाल झाली होती, दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या. तेथे नव्या मुलींना दोन-तीन वर्षे डोकी धुणे आणि झाडणे हेच काम असते, कात्रीचा सराव दुकान बंद झाल्यावर पुतळ्याच्या डोक्यावर करायचा, पगार बेताचा, आणि कंटाळून धंदा सोडणाऱ्याही पुष्कळ. त्या नम्रतेचा भार कोणीतरी बोटांवर वाहत असते, हे पाहिल्यावर माझे कौतुक थोडे ओसरले.

बिल चार हजार चारशे येनचे झाले. फलकावरही तेवढेच होते. तेथे १ एप्रिल २०२१ पासून दहा टक्के विक्रीकर धरून होणारी एकूण किंमतच ग्राहकाला दाखवावी लागते. 'कर वेगळा' असे बारीक अक्षरांत लिहून मोकळे होता येत नाही. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. मी शंभर येनचे नाणे त्या मुलीच्या हातावर ठेवू पाहिले तर तिने ते दोन्ही हातांनी मला परत केले.

रंगाचा ठिपका निरुपद्रवी ठरल्यावर मी दुसऱ्यांदा गेले, आणि परतण्याच्या आठवड्यात तिसऱ्यांदा. त्या वेळी आधीची बाई रजेवर होती. दुसराच एक तरुण आला, त्याने कपाटातून माझा कागद काढला, वाचला आणि पहिले वाक्य बोलला ते असे की उजवा खांदा आता कसा आहे. या कागदाला तेथे 'कारुते' म्हणतात. मूळ शब्द जर्मन आणि तो आला डॉक्टरांच्या दवाखान्यातून, जेथे रोग्याच्या नोंदी ठेवतात. माझ्या कारुतेवर रंगाच्या दोन छटांचे प्रमाण, रंग किती मिनिटे ठेवला, टाळूवरचा भोवरा कोणत्या दिशेला वळतो, मेहंदीची मर्यादा मुळापासून किती अंतरावर सुरू होते याची छोटी आकृती आणि कोपऱ्यात खांद्याची नोंद होती. मी प्रत मागितली. त्याने क्षणभर विचार करून आतल्या खोलीत विचारून येऊन ती दिली. कारणही विचारले नाही.

आता उलट बाजूही लिहिली पाहिजे, नाहीतर परदेशातून आलेली बाई आरती ओवाळते आहे असे आपल्या वाचकांना वाटेल. लेकीच्या इमारतीत पुण्याची एक मुलगी राहते, तिचे केस दाट कुरळे. जपानी केस बहुधा सरळ आणि जाड. त्यांना हलके करण्यासाठी तेथे विरळणीची दातेरी कात्री सढळ हाताने चालवतात. त्या मुलीच्या केसांवर ती चालवली गेली आणि आठ दिवसांत तिच्या डोक्याचा केरसुणीसारखा पिसारा झाला. तेथील अनेक सलून आठवडाभराच्या आत विनामूल्य दुरुस्ती करून देतात, त्याप्रमाणे तिलाही बोलावले, दोघांनी वाकून क्षमा मागितली, पण कापलेला केस क्षमेने वाढत नाही. मडगावच्या एका तरुणाचा अनुभव असा की ठरलेल्या वेळेपेक्षा पंधरा मिनिटे उशीर झाला म्हणून त्याचे काम नम्रपणे नाकारण्यात आले. आपल्या पसंतीचा कारागीर हवा असेल तर पुष्कळ ठिकाणी त्याचे निराळे पैसे पडतात. आणि भाषा येत नसेल तर छायाचित्र दाखवून जे घडेल ते आपले, हे आहेच. माझे यजमान मात्र या साऱ्या सोपस्कारांच्या वाटेला गेले नाहीत. ते 'क्यूबी हाऊस'मध्ये गेले. १९९६ मध्ये टोकियोच्या कांदा भागात सुरू झालेली, दहा मिनिटांत फक्त केस कापून देणारी ही दुकाने. यंत्रात पैसे टाकायचे, तिकीट घ्यायचे, पाणी नाही, साबण नाही, शेवटी मानेवरचे केस नळीने ओढून घ्यायचे. बिनपाण्याची हजामत हा शब्दप्रयोग त्यांनी अक्षरशः अनुभवला आणि तो त्यांना फार आवडला.

हे सगळे केवळ स्वभावाने येत नाही, त्याच्या मागे कायदा उभा आहे. जपानमध्ये न्हाव्यांसाठी १९४७ चा आणि केशभूषाकारांसाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. दोन वर्षांचे शिक्षण, त्यानंतर लेखी आणि प्रात्यक्षिक अशी राष्ट्रीय परीक्षा आणि मग परवाना, याशिवाय दुसऱ्याच्या केसांना व्यवसाय म्हणून हात लावता येत नाही. दोन किंवा अधिक केशभूषाकार असलेल्या सलूनमध्ये स्वच्छतेची जबाबदारी घेणारा, किमान तीन वर्षांच्या अनुभवाचा एक प्रशिक्षित माणूस नेमावा लागतो. देशभरात अडीच लाखांहून अधिक सलून या चौकटीत चालतात. आपल्याकडे आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि तो चांगला आहे, परंतु तो केलेला असो वा नसो, दुकान थाटून उद्यापासून कोणाच्याही डोक्यावर पेरॉक्साइड ओतायला आडकाठी नाही. नगरपालिकेचा परवाना मिळतो तो गाळ्याला, हाताला नव्हे.

जपानी कायदा येथे आणा असे मी म्हणत नाही. गोव्यातल्या पार्लरमध्ये काम करणाऱ्या मुली, त्यांतल्या कितीतरी ईशान्येकडून आणि शेजारच्या कर्नाटकातून पोटासाठी आलेल्या, आधीच बारा-बारा तास उभ्या असतात; त्यांच्यामागे आणखी एक परवाना आणि आणखी एक निरीक्षक लावून केस वाचतील यावर माझा विश्वास नाही. माझे मागणे साधे आहे. नगरपालिकांनी व्यवसाय परवान्याचे नूतनीकरण करताना पार्लर आणि सलूनसाठी तीन गोष्टींची अट घालावी. दरपत्रकावर 'पासून पुढे' हे शब्द नसावेत, आखूड, मध्यम आणि लांब केसांचा करासह दर लिहावा. रसायनाचे काम केल्यास बिलावर द्रव्याचे नाव, ते ठेवलेली मिनिटे आणि काम करणाऱ्याचे नाव असावे. आणि रंगाची चाचणी केली की नाही, याखाली गिऱ्हाईकाची सही असावी, म्हणजे आम्हा घाईत असलेल्या बायकांनाही सबब उरणार नाही. सौंदर्यप्रसाधनांवर देखरेख ठेवणाऱ्या अन्न व औषध प्रशासनाने बाजारातील काळ्या मेहंदीच्या पाकिटांचे नमुने तपासून निष्कर्ष वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करावेत. तसे एकदा झाले तर जायांच्या, म्हणजे जाईच्या फुलांच्या, पूजेला म्हार्दोळला जमणाऱ्या बायकांत ती बातमी एका संध्याकाळीत पोचेल. सलूनच्या सेवेवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तो फरक आपल्या बिलात उतरला का, हेही वाचकांनी आपापल्या चिठ्ठ्या काढून पाहावे. तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे; पुतणीच्या वेळी तो आम्हाला माहीत नव्हता.

परतल्यावर मी कारुतेची ती प्रत घेऊन आमच्या नेहमीच्या पार्लरमध्ये गेले. तेथली मुलगी माझीच विद्यार्थिनी, सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती. तिने तो जपानी अक्षरांचा कागद उलटसुलट पाहिला, लेकीने शेजारी लिहून दिलेले मराठी वाचले आणि म्हणाली, "बाई, इतकं सगळं कोण लिहीत बसणार? शनिवारी बाहेर बाकावर सात जणी असतात." मी काही बोलले नाही. पंधरवड्याने गेले तेव्हा आरशाखालच्या खणात दोनशे पानी वही होती, पहिल्या पानावर माझे नाव, खाली 'मेहंदी बंद', तारीख, 'उजवा खांदा'. तिने पेन हातात घेतले आणि विचारले की घरी न्हायला पाणी ओपाचे, म्हणजे नळाचे, आहे की विहिरीचे. टोकियोत हे कोणीच विचारले नव्हते. आमच्या जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी लोहाने तांबूस होते, बादलीच्या कडेला त्याची रेघ बसते. तेच केसात बसते आणि पेरॉक्साइडला तेही चालत नाही, हे तिला तिच्या दुसऱ्या एका गिऱ्हाईकाच्या जळालेल्या बटेवरून कळले होते. विहिरीचे, असे मी सांगितले. तिने ते लिहून घेतले आणि रंगाची बाटली परत कपाटात ठेवली.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
फोंडा, गोवा